विचाराची उलटतपासणी

अ‍ॅरन बेक निघाला होता फ्रॉइडचं म्हणणं खरं करून दाखवायला. ते साधलं असतं तर आज मनोविश्लेषणाच्या एखाद्या जाडजूड ग्रंथातल्या तळटीपेत त्याचं नाव सापडलं असतं. ते साधलं नाही. पण त्या फसलेल्या खटपटीतून जे हाती लागलं, त्यानं मानसोपचाराचा रस्ताच बदलला.

काळ १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धाचा, ठिकाण अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. बेक तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मनोविकार विभागात १९५४ मध्ये दाखल झाला होता. वय तिशीचं, येल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी, शिवाय मनोविश्लेषणाचं रीतसर शिक्षण. त्या काळी अमेरिकेत या पद्धतीचा मोठा दबदबा होता. रुग्णानं कोचावर आडवं पडायचं आणि मनात येईल ते न गाळता बोलत राहायचं. डॉक्टरनं त्याच्या नजरेआड बसून ऐकायचं. असे उपचार वर्षानुवर्षं चालत. रुग्ण जे बोलतो ते वरवरचं, खरं दुखणं पार तळाशी दडलेलं, अशी त्यामागची श्रद्धा होती.

नैराश्य का येतं याचंही उत्तर ठरलेलं होतं. फ्रॉइडनं ते १९१७ मध्ये मांडलं होतं. जिवाभावाचं माणूस दुरावलं की त्याच्याबद्दल प्रेमाबरोबर रागही उरतो. तो राग कबूल करता येत नाही, म्हणून तो आत वळतो आणि माणूस स्वतःलाच छळायला लागतो. पुढच्या मंडळींनी हा धागा आणखी ताणला. नैराश्यानं ग्रासलेल्या माणसाला नकळत दुःखच हवं असतं, असं ते म्हणू लागले. बेकला हे पटलेलं होतं. फक्त प्रयोगाचा भक्कम पुरावा हवा, म्हणजे प्रयोगशाळेतले शंकेखोर मानसशास्त्रज्ञ गप्प बसतील, एवढंच त्याच्या मनात होतं.

स्वप्नांनी दिलेली उलटी साक्ष

मनोविश्लेषकाला तळाशी पोहोचायचं तर स्वप्नांचा रस्ता हाताशी असतो. बेकनं सहकाऱ्यांबरोबर नैराश्याच्या रुग्णांची स्वप्नं गोळा केली आणि इतर रुग्णांच्या स्वप्नांशी ती ताडून पाहिली. राग आत वळला असेल, तर स्वप्नात तरी तो उसळलेला दिसायला हवा होता. मारामारी, सूड, वैर, काहीतरी.

यातलं फारसं काही सापडलं नाही. उलट या रुग्णांच्या स्वप्नांत हरणं होतं. हवी ती वस्तू हातातून निसटायची, कुणीतरी झिडकारायचं, ऐन वेळी सगळं फिसकटायचं. १९५९ आणि १९६१ मध्ये ही निरीक्षणं प्रसिद्ध झाली. सुरुवातीला बेकनं सिद्धांताला सांभाळून घेतलं. माणूस स्वप्नातही स्वतःला त्रास करून घेतोय, म्हणजे त्याला त्रास हवाच असणार, असा अर्थ त्यानं लावला.

पण मग त्यानं एक नेमका प्रश्न विचारला, आणि इथूनच गोष्टीला कलाटणी मिळाली. या माणसांना दुःखाचीच ओढ असेल, तर यश मिळाल्यावर त्यांचं काय व्हायला हवं? ते अस्वस्थ झाले पाहिजेत, यश झटकून टाकलं पाहिजे. हे तपासता येण्यासारखं होतं. बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना पत्ते लावण्यासारखी साधी कामं दिली. काहींना यश येईल आणि काहींना अपयश येईल अशी व्यवस्था केली. काम सुरू होण्यापूर्वी नैराश्याचे रुग्ण म्हणत, आमच्यानं हे होणार नाही. प्रत्यक्षात त्यांचं काम इतरांइतकंच नीट होत होतं. आणि यश मिळालं की त्यांचा चेहरा खुलत होता, पुढच्या कामाबद्दलचा भरवसाही वाढत होता.

दुःखाची ओढ असलेला माणूस असा वागत नाही. या लोकांना यश हवं होतं, चार शब्द कौतुकाचे हवे होते. फक्त ते आपल्या वाट्याला येतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. मग स्वप्नांचा अर्थही सरळ निघाला. जागेपणी ज्याला आपण हरलेले वाटतो, तो झोपेतही हरलेलाच असतो. त्यासाठी तळाशी बुडी मारायची गरजच नव्हती. जे दिसत होतं ते पृष्ठभागावरच होतं. रुग्ण ते रोज बोलून दाखवत होते आणि डॉक्टर त्याच्यापलीकडे पाहत होते.

दुसरं स्टेशन

याच सुमारास दवाखान्यात दोन प्रसंग घडले. बेकनं ते पुढे अनेकदा सांगितले.

एक रुग्ण कोचावर पडल्या पडल्या बेकवरच तोंडसुख घेत होता. राग मोकळेपणानं बाहेर येतोय म्हणजे उपचार चांगला चाललाय, असं पुस्तक सांगत होतं. बेकनं सहज विचारलं, आत्ता काय वाटतंय? रुग्ण म्हणाला, अपराधी वाटतंय. रागानंतर अपराधीपणा, हेही पुस्तकाप्रमाणेच. पण रुग्ण पुढे बोलला. डॉक्टरांना रागावून बोलत असतानाच त्याच्या मनात दुसरे विचार चालले होते. मी भलतंच बोललो, असं बोलायला नको होतं, मी वाईट आहे, डॉक्टरांना आता मी आवडणार नाही. अपराधीपणा आला तो या दुसऱ्या विचारांच्या पाठोपाठ.

दुसरी एक स्त्री. आपल्या लैंगिक आयुष्याबद्दल ती बेकला सांगत असे आणि सांगताना सारखी अस्वस्थ होई. बेकनं पठडीतला अर्थ सांगितला: हा विषय बोलायची लाज वाटते म्हणून ही अस्वस्थता. ती म्हणाली, तसं नाही. आपण डॉक्टरांना कंटाळा आणतोय, या भीतीनं ती कासावीस होत होती. आणि तिच्या बोलण्यात कंटाळवाणं काही नव्हतंच.

मनात येईल ते सगळं बोलायचं, हा नियम दोघांनीही पाळला होता. तरी एक आख्खी विचारांची रांग बोलण्याबाहेर राहिली होती. रेडिओवर एक स्टेशन मोठ्यानं चालू असावं आणि मागे दुसरं बारीक आवाजात कुजबुजत असावं, तसं. लोकांना सांगण्याचे विचार पहिल्या स्टेशनवर. स्वतःला सांगण्याचे दुसऱ्यावर. आणि भावनांची दोरी होती या दुसऱ्याच्या हातात.

बेकनं आता इतर रुग्णांनाही विचारायला सुरुवात केली. एकदम वाईट वाटलं ना, त्याच्या क्षणभर आधी मनात काय आलं होतं? बहुतेकांना तो विचार आधी सापडत नसे. लक्ष ठेवायची सवय लागली की सापडू लागे. हे विचार मुद्दाम केलेले नसत, ते आपसूक उगवत. तारेच्या भाषेसारखे तुटक असत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणूस त्यांना विचार समजतच नसे. ती त्याला वस्तुस्थिती वाटे. ‘मी नालायक आहे’ हे त्याला घड्याळात चार वाजलेत इतकं उघड सत्य वाटे. बेकनं त्यांना आपोआप येणारे विचार असं नाव दिलं. त्यांत तीनच विषय फिरून फिरून येत: मी असा, जग असं आणि पुढेही असंच.

मग त्यानं रुग्णांना कोचावरून उठवून समोरच्या खुर्चीवर बसवलं. आता दोघांना मिळून काहीतरी पाहायचं होतं, त्यासाठी समोरासमोर बसणं भाग होतं.

ढ मुलाची गोष्ट

हे ओळखायला बेकच का लागला? त्याच्या बालपणात याचे काही धागे सापडतात. जन्म १९२१चा, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावचा. आईवडील युक्रेनच्या भागातून आलेले ज्यू स्थलांतरित, वडील छपाईच्या धंद्यात. त्याच्या जन्माआधी एक बहीण फ्लूच्या साथीत गेली होती आणि आई त्या दुःखातून सावरलेली नव्हती. बेक लहान असताना त्याचा हात मोडला, जखम चिघळली, विष रक्तात पसरलं. मुलगा हातचा जाणार अशी वेळ आली. वाचला, पण शाळा बुडाली आणि पहिल्याच इयत्तेत मागे राहावं लागलं. आपण ढ आहोत, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. पुढे त्यानं भावांच्या मदतीनं अभ्यास भरून काढला आणि बरोबरीच्या मुलांच्याही एक वर्ष पुढे गेला. ढ असल्याचा समज कुणी पाठ थोपटून घालवला नाही. तो घालवला निकालपत्रानं.

त्या आजारपणातून दुसरं एक भय त्याला चिकटलं. रक्त पाहिलं, ईथरचा वास आला की भोवळ यायची. असा मुलगा डॉक्टर व्हायला निघाला. वैद्यकीय शिक्षणात तो मुद्दाम शस्त्रक्रियेच्या खोलीत उभा राहिला आणि त्याच्या ध्यानात आलं की हात कामात गुंतलेले असले की भोवळ येत नाही. भीती जे सांगते ते प्रत्यक्षात घडतं का, हे जाऊन पाहायचं. त्याच्या पुढच्या सगळ्या पद्धतीचं बीज इथे आहे.

आपल्या निष्कर्षांची किंमत बेकला लवकरच मोजावी लागली. अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांच्या मुख्य संस्थेनं १९६० मध्ये त्याचा सदस्यत्वाचा अर्ज फेटाळला. प्रयोग करून तपासायची एवढी हौस आहे, त्या अर्थी या माणसाचं स्वतःचं मनोविश्लेषण नीट झालेलं नाही, असा अर्थ लावला गेला. संशोधनाची इच्छा हेच रोगाचं लक्षण ठरलं. पुढची काही वर्षं बेक बराचसा एकटाच काम करत राहिला. १९६१ मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी नैराश्य मोजण्याची २१ प्रश्नगटांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते. १९६३ आणि १९६४ मध्ये ‘विचार आणि नैराश्य’ या विषयावरचे त्याचे दोन लेख आले.

ते वाचून न्यूयॉर्कहून एका माणसानं बेकशी संपर्क साधला. त्याचं नाव अल्बर्ट एलिस. तोही मनोविश्लेषण सोडून आलेला आणि १९५५ पासून स्वतःची विवेकनिष्ठ पद्धत चालवणारा. बेक मवाळ, हळू बोलणारा, गळ्यात नेहमी बो टाय. एलिस फटकळ, रुग्णाशी वाद घालणारा. पण दोघं वेगवेगळ्या वाटांनी एकाच चौकात पोहोचले होते. एलिसचीही आपबीती होती. मुलींशी बोलायची त्याला विलक्षण धास्ती. एकोणिसाव्या वर्षी तो ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायला लागला. महिनाभरात शंभरेक जणींशी बोलला. भेटायचं कबूल केलं ते एकीनं, आणि ती आलीच नाही. पण नकारानं कुणी मरत नाही, हे त्याला शंभर वेळा कळलं.

मराठी वाचकाला एलिस परका नाही. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि त्याची पद्धत इथे रुजवली. डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी अनेकांनी वाचली असेल.

चांगलं बोला, चांगलं होईल?

इथे एक मोठा गैरसमज दारात उभा असतो. विचारांमुळे दुःख होतं, तर वाईट विचार हाकलावा आणि त्याच्या जागी छानसा विचार बसवावा. झालं!

हा सल्ला बेकच्याही आधीचा. फ्रान्समधल्या एमिल कुए या औषधविक्रेत्यानं १९२०च्या सुमारास तो लोकप्रिय केला होता. आपण दिवसेंदिवस सुधारतो आहोत, असं रोज स्वतःशी पुटपुटत राहायचं. अमेरिकेत नॉर्मन व्हिन्सेंट पील या धर्मोपदेशकाचं सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावरचं पुस्तक १९५२ मध्ये आलं आणि धडाक्यानं खपलं. बेक कोचामागे बसून ऐकत होता त्या काळात अर्धी अमेरिका पील वाचत होती. बेकनं ती वाट धरली नाही. का, हे पुढच्या प्रयोगांनी दाखवलं.

१९८७ मध्ये डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञानं टेक्सासमधल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्यानं बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. त्याहून मजेशीर भाग पुढचा. नंतर त्याच मुलांना अस्वलाचा विचार करायची परवानगी दिली, तेव्हा आधीपासून परवानगी असलेल्यांपेक्षाही त्यांच्या मनात अस्वलं जास्त आली. म्हणजे दाबलेला विचार जातच नाही. आला का, आला का म्हणून पाहणारा पहारेकरीच त्याला आत घेऊन येतो.

आणि बसवलेला छान विचार? २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. घंटा वाजली की सहभागी व्यक्तींनी मनात म्हणायचं, मी प्रेम करावं अशी व्यक्ती आहे. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल हीन वाटत होतं, त्यांना हे वाक्य म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. मन काही खुळं नसतं. न पटणारं वाक्य त्याच्यापुढे ठेवलं की ते लगेच त्याच्याविरुद्धचे दाखले काढून देतं. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच हे औषध बाधतं.

साहेब जिन्यात भेटले तेव्हा

मग बेकची रीत काय होती? एक रोजचा प्रसंग घेऊ. तुम्ही ऑफिसचा जिना चढताय. समोरून साहेब उतरले. तुम्ही नमस्कार केला, त्यांनी पाहिलंही नाही. जागेवर येऊन बसेपर्यंत पोटात गोळा आला आणि पुढचा तासभर कामात लक्ष लागलं नाही.

आता कागद घ्या आणि उभे रकाने आखा. पहिल्यात घडलं तेवढंच लिहा: साहेबांनी नमस्काराला उत्तर दिलं नाही. दुसऱ्यात भावना आणि तिची तीव्रता शंभरपैकी: धास्ती, ८०. तिसऱ्यात दुसऱ्या स्टेशनवरचं बोलणं, जसं आलं तसं: साहेब नाराज आहेत, परवाच्या रिपोर्टमध्ये घोळ झाला असणार, आता माझं काही खरं नाही. पहिला आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात एक घटना आहे. तिसऱ्यात तीन आरोप आहेत आणि पुरावा एकाचाही नाही.

चौथ्या रकान्यात उलटतपासणी. हा विचार खरा असल्याचा पुरावा काय? विरुद्ध बाजूला काय आहे? कालच त्यांनी आपल्याकडे एक काम सोपवलं होतं. जिन्यात ते फोनवर बोलत होते. दुसरं काय कारण असू शकेल? समजा खरंच नाराज असतील, तर पुढे काय होईल, आणि त्यावर मला काय करता येईल? हाच विचार एखाद्या सहकाऱ्यानं मला बोलून दाखवला असता तर मी त्याला काय म्हटलं असतं? शेवटच्या रकान्यात या सगळ्यातून उतरलेला नवा विचार: साहेबांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही, रिपोर्टबद्दल शंका आहे तर दुपारी जाऊन विचारता येईल. धास्ती आता किती? ३०.

शेवटच्या रकान्यात ‘साहेबांचा माझ्यावर फार जीव आहे’ असं लिहायचं नाही. ते पहिल्या विचाराइतकंच बिनबुडाचं झालं असतं. आणि दुपारी जाऊन विचारल्यावर रिपोर्टमध्ये खरोखरच चूक निघाली, तरीही पद्धत फसलेली नसते. चूक कुठे आहे ते कळलं, ती दुरुस्त करता येते. ‘माझं काही खरं नाही’ याची दुरुस्ती करता येत नाही.

बेकनं या चुकीच्या निष्कर्षांच्या तऱ्हाही नोंदवल्या. पुराव्याशिवाय निकाल देणं. दहा चांगल्या गोष्टींतून एक वाईट उचलून तेवढीच धरून बसणं. एका प्रसंगावरून ‘नेहमीच’, ‘कुणीच’, ‘कधीच’ असं बोलणं. राईचा पर्वत करणं आणि स्वतःच्या गुणांचा मात्र पर्वत असला तरी राई म्हणणं. दुसऱ्याच्या कपाळावरची आठी आपल्यामुळेच आहे असं धरून चालणं. शंभर नाहीतर शून्य, मधलं काही नाही, असा हिशेब मांडणं. ही यादी वाचताना घरातली चार माणसं डोळ्यांपुढे येतात. प्रामाणिकपणे वाचली तर पाचवे आपणही.

कसोटी

पद्धत कितीही पटण्यासारखी असली तरी बेकला फ्रॉइडच्या सिद्धांतानं एक धडा दिला होता: पटणं म्हणजे पुरावा नव्हे. १९७७ मध्ये त्याच्या गटानं स्वतःचीच पद्धत कसोटीला लावली. नैराश्याचे ४१ रुग्ण, १२ आठवडे. काहींना त्या काळचं मान्यवर औषध इमिप्रामिन, काहींना विचार तपासण्याचे उपचार. औषधाच्या गटातल्या २२ पैकी ५ जणांमध्ये ठळक सुधारणा झाली किंवा ते पूर्ण बरे झाले. बेकच्या पद्धतीत १९ पैकी १५. बोलून केलेला उपचार औषधासमोर उभा राहतो, हे लोकांना धक्कादायक होतं. टीकाकारांनी या चाचणीतला कच्चा दुवाही दाखवला: शेवटच्या आठवड्यांत औषधाचा डोस उतरवत नेला होता. मग इतरांनी मोठ्या चाचण्या केल्या. एवढा मोठा फरक काही टिकला नाही. पण ही पद्धत अनेकांच्या बाबतीत औषधाच्या तोडीची ठरते आणि उपचार संपल्यावर दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी ठेवते, हे टिकलं. २००५ मध्ये बेक आणि सहकाऱ्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या १२० जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली. दहा बैठकींचे हे उपचार मिळालेल्यांपैकी २४ टक्क्यांनी पुढच्या दीड वर्षात पुन्हा प्रयत्न केला. नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं.

पण शोधाची गोष्ट इथे संपत नाही. १९९६ मध्ये सिएटलच्या नील जेकबसननं बेकच्या उपचाराचे सुटे भाग केले. बेक फार खचलेल्या रुग्णांना आधी छोटी कामं करायला लावत असे: उठणं, अंघोळ, थोडं चालणं, कुणाला तरी भेटणं. जेकबसननं दीडशे रुग्णांतल्या एका गटाला फक्त हेच दिलं, विचारांची तपासणी वगळली. त्या गटालाही पूर्ण उपचाराइतकाच गुण आला. मग विचारांचा भाग फुकट होता का? तसं म्हणता येत नाही. ‘माझ्यानं होणार नाही’ या विचाराची सर्वांत चोख तपासणी म्हणजे ते काम करून पाहणं. पत्ते लावणाऱ्या रुग्णांनी बेकला हेच तर दाखवलं होतं.

नुसतं कामाला लावूनही गुण येतो, या निष्कर्षाला मोठं फळ आलं ते आपल्या शेजारी, गोव्यात. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘संगथ’ या संस्थेनं तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. समुपदेशक कोण होते? मानसोपचाराचं आधी कसलंही शिक्षण नसलेली, थोडं प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. सहा ते आठ बैठका. रुग्ण दिवसभर काय करतो, काय करायचं सोडून दिलंय, त्यातलं कोणतं एक पुन्हा सुरू करता येईल, अडचण कशी सोडवायची, एवढाच गाभा. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले निकाल असे: तीन महिन्यांनी या उपचारानं ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, केवळ केंद्रातली सुधारित देखभाल मिळालेल्यांत ३९ टक्के. महागड्या खोलीतल्या कोचावर सुरू झालेली गोष्ट गावच्या आरोग्य केंद्राच्या बाकड्यापर्यंत पोहोचली.

बेक १ नोव्हेंबर २०२१ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी फिलाडेल्फियात वारला. त्याच्या नावावर पुष्कळ पुस्तकं, पुष्कळ मोजपट्ट्या आणि २००६चा लास्कर पुरस्कार आहे. पण त्याचा खरा शोध एका वाक्यात मावतो. मनात आलेला विचार हा निकाल नसतो, तो दावा असतो. दावा तपासता येतो. वाईट विचाराच्या जागी गोड विचार ठेवायला बेकनं कधीच सांगितलं नाही. त्यानं न तपासलेल्या विचाराच्या जागी तपासलेला विचार ठेवायला सांगितलं. तपासून निघणारा विचार बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा सौम्य असतो, कारण खचलेलं मन पुराव्यापेक्षा जास्त कडक निकाल देत असतं.

याची हद्दही ओळखायला हवी. डोक्यावरचं कर्ज, घरातली मारहाण, हातची गेलेली नोकरी ही मनाची वाकडी नजर नव्हे. तिथे विचार बदला असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. अशा वेळी कागदावरचा उपयोगी प्रश्न एकच असतो: आता पहिलं पाऊल कोणतं, आणि मदत कुणाकडे मागायची? आठवडे उलटले तरी झोप, भूक, कामातलं लक्ष परतत नसेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर एकट्यानं रकाने भरत बसू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. आणि दुखणं तेवढं नसेल, नुसतंच मन खट्टू झालं असेल, तर ‘चांगला विचार कर’ असं स्वतःला दटावू नका. आत्ता मनात नेमकं काय आलं ते शब्दांत लिहा आणि त्याखाली एक प्रश्न लिहा: हे कशावरून?